खिडकीतला डोंगर

आमच्या इमारतीच्या मागे म्हशींचा तबेला होता. बोरिवली पूर्वेला तेव्हा असे तबेले बरेच होते, आणि त्यांचा वास हा आमच्या घराचाच वास आहे असं मला लहानपणी वाटायचं. पहाटे साखळ्या खळखळायच्या, बादल्या आपटायच्या, कुणीतरी म्हशीला शिव्या घालायचा, आणि त्या आवाजांत आईचा स्टोव्ह पेटायचा. मला जाग अशीच यायची. मग एका आठवड्यात सगळ्या म्हशी ट्रकांत चढवून नेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी झाले ती शांततेने. आई स्वयंपाकघरात उभी होती आणि खिडकीतून खाली बघत होती. मला लाडाच्या नावाने हाक मारून म्हणाली, "सुने, काहीतरी मेल्यासारखं वाटतंय गं." बाबा दाढी करत होते. ते म्हणाले, "वास गेला म्हणून रडणारी तू पहिलीच." आम्ही हसलो. दुपारपर्यंत तबेल्याभोवती निळ्या पत्र्यांचं कुंपण उभं राहिलं, आणि त्याच्याआड खड्डा सुरू झाला.

आम्ही परब, मूळचे मालवणकडचे. बाबा लालबागच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कांदिवलीच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. त्यांच्याच गिरणीतले, त्यांच्याच खात्यातले सावंतकाका आमच्या शेजारी राहायचे. दोघांनी मिळून जागा शोधली होती आणि तिसऱ्या मजल्यावर भिंतीला भिंत लावून घरं घेतली होती. सावंतकाका सोसायटीचे सेक्रेटरी होते. इमारतीत पाणी किती वाजता सोडायचं, गच्चीची किल्ली कुणाकडे असायची, गणपतीत कुणी काय करायचं, हे सगळं तेच ठरवायचे, आणि ते ठरवत असत म्हणून सगळं व्यवस्थित चालायचं हेही खरं. सावंतकाकींना मूलबाळ नव्हतं. त्या दिवसातून चारदा आमच्याकडे यायच्या, आणि हात कधी रिकामा नसायचा. घावणे, खोबऱ्याची चटणी, कधी सुक्या बांगड्याचं तिखलं. मुंबईत तीस-पस्तीस वर्षं काढूनही त्यांनी आपली बोली सोडली नव्हती. मी अभ्यासाला बसले असले तरी समोर ताटली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खा गो, थंड होतले." त्या घावण्यांच्या जाळीतून चटणी खाली झिरपायची. आज मी कितीही चांगल्या हॉटेलात घावणे मागवले तरी ती जाळी मला दिसत नाही. चव तशीच असेलही, पण जाळी नाही.

मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कांदिवलीला एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. तिथे टायपिंग आणि हिशेबाचे प्रोग्रॅम शिकवायचे. पण एक दिवस सरांनी अचानक वेबपेज कसं बनतं ते दाखवलं. नोटपॅड उघडायचं, टोकदार कंसांत खुणा लिहायच्या, फाइल सेव्ह करायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची. एवढंच. मी माझं नाव लिहिलं, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खुणा टाकल्या, आणि ते नाव पडद्यावर जाड, काळं होऊन आलं. मला त्या दुपारी जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. आमच्या घरात माझ्या मालकीचं काहीच नव्हतं. कपाटातला एक खण होता, तोही आईच्या साड्यांखालचा. आणि इथे जगात कुठेतरी मला माझी एक जागा मिळणार होती, फुकट. तेव्हा अशी फुकट जागा देणाऱ्या कंपन्या होत्या. बदल्यात पानाच्या डोक्यावर त्यांच्या जाहिरातीची पट्टी नाचत राहायची, ती सहन करायची. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नीट उमटायची नाहीत म्हणून मी मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायचं ठरवलं. वर ठळक नाव दिलं, माझी खिडकी.

खिडकीच का, तर दुसरं दाखवण्यासारखं काही नव्हतं. मामेभावाने दुबईहून आणलेला डिजिटल कॅमेरा बिघडला म्हणून आमच्याकडे टाकून दिला होता. त्याचं बटण इतकं कडक झालं होतं की दाबताना हात हलायचा आणि फोटो धूसर यायचा. म्हणून मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत, ग्रिल आणि भिंत यांच्या कोपऱ्यात घट्ट खोचून ठेवायचे. तिथे तो तसूभर हलत नसे. कॉलेजला जाण्याआधी रोज एक फोटो. ग्रिलची आडवी पट्टी फोटोत नेहमी वरच्या बाजूला यायची. पट्टीच्या खाली जंगलाच्या पार्कातला डोंगर, त्याच्या अलीकडे लांबवरची एक पाण्याची टाकी, आणि अगदी खाली निळे पत्रे, मशीन, माती. बाजूच्या खिडकीतून काकी कपडे वाळत घालायच्या, तेव्हा कधीकधी फोटोच्या कडेला त्यांचा हात यायचा, हिरव्या बांगड्या भरलेला. प्रत्येक फोटोचं एक पान, त्याखाली दोन ओळी, आणि खाली एक दुवा, 'पुढे'. तो दाबला की दुसऱ्या दिवसाचं पान.

हे सगळं मी स्टेशनजवळच्या नितीनच्या सायबर कॅफेत करायचे. नितीन माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, कायम चिडलेला आणि कायम मदत करणारा. "तुझं पान कोण बघणार आहे, यार?" म्हणायचा, आणि माझी फ्लॉपी उघडली नाही तर स्वतःच तासभर खटपट करायचा. पानाच्या तळाला मी किती जण येऊन गेले ते मोजणारा एक आकडा लावला होता. बरेच दिवस तो नितीनचा, माझा आणि क्लासमधल्या एका मैत्रिणीचा मिळून होता.

खड्डा खोल होत गेला. तिथे तळघरात गाड्या ठेवायची दोन मजली सोय होणार होती म्हणे. जमिनीत लोखंडी खांब ठोकणारं मशीन आलं. त्याचा एक ठोका पडला की आमच्या फळीवरचे डबे एकदम कुजबुजल्यासारखे वाजायचे. दुसऱ्या ठोक्याला झाकणं. आईने आधी चहा-साखरेचे डबे खाली घेतले, मग लोणच्याची बरणी, आणि महिनाभरात फळी रिकामी झाली. ठोकायचं काम संपलं तेव्हा पंप लागला. खड्ड्यात पाणी झिरपत होतं, ते पंप उपसायचा आणि राखाडी रंगाचा एक ओहोळ रात्रंदिवस आमच्या गेटसमोरून गटारात जायचा. त्या पाण्याबरोबर आमच्या पायाखालची मातीही जातेय, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. मोरीचा दरवाजा लागेनासा झाला. आई म्हणाली, लाकूड फुगलं असेल. बाबा म्हणाले, थंडीत लाकूड फुगतं का? जेवताना भाताच्या ताटातलं वरण एका बाजूला जमायचं. मी ताट फिरवून बघायचे. तरी वरण त्याच बाजूला.

काकींनी माझ्या खिडकीबद्दल आईकडून ऐकलं. "गो चेडवा, माका दाखव मगे तुझा ता काय ता," म्हणून मागे लागल्या. एका दुपारी त्या नऊवारी नीट नेसून, केसांत अबोली माळून माझ्याबरोबर सायबर कॅफेत आल्या. नितीनने त्यांना फिरती खुर्ची दिली तर त्या घाबरून उठल्या, म्हणून लाकडी स्टूल दिलं. पहिल्याच पानावर त्यांना आपला हात दिसला. "ह्यो बघ माझो हात!" असं त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की पलीकडच्या पार्टिशनमधली पोरं उठून बघायला लागली. मग त्यांना छंदच लागला. मी 'पुढे' दाबायचे, त्या हात शोधायच्या. "फुडे. फुडे. आता फुडे." नितीनच्या कॉम्प्युटरवर पानं आधीच उघडून गेलेली असल्यामुळे ती भराभरा उघडत होती, सिनेमासारखी. आणि मध्येच त्या हसायला लागल्या.

"गो सुने, हो डोंगर वर कित्याक जाता?"

मी म्हटलं, "वर का जातो? कुठला डोंगर?"

"हो बघ. फुडे दाब. हो वर जाता."

मी पहिल्या पानावर गेले आणि पुन्हा भराभर दाबत आले. ग्रिलची पट्टी जागच्या जागी होती. तिच्याखाली डोंगराचा माथा बोटभर मोकळं आभाळ सोडून होता. ते आभाळ प्रत्येक पानागणिक केसाएवढं कमी होत होतं. टाकीही वर येत होती. शेवटच्या पानावर डोंगराचा माथा पट्टीला टेकला होता. माझ्या मनात आधी आलं, कॅमेरा घसरला असेल. पण कॅमेरा घसरला असता तर पट्टीही हलली असती. पट्टी, कॅमेरा आणि आमचं घर एकमेकांना धरून होतं. डोंगर काही चढत नाही, टाकी काही उगवत नाही. आमची खिडकीच रोज थोडी थोडी खड्ड्याकडे वाकत होती, आणि आम्ही तिच्यात उभं राहून चहा पीत होतो.

काकी अजून हसत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. "काय झाला गो?" मी म्हटलं, "काही नाही काकी, चला." रस्त्यात त्यांनी मला गरम शेंगदाणे घेऊन दिले. ते मी मुठीत धरून घरापर्यंत नेले.

बाबांनी माझं ऐकून घेतलं. दोऱ्याला कुलूप बांधलं आणि दाराच्या चौकटीच्या वरच्या खिळ्याला सोडलं. कुलूप हेलकावत हेलकावत थांबलं. वर दोरा चौकटीला चिकटलेला होता, आणि खाली कुलूप आणि लाकूड यांच्यामध्ये बाबांच्या हाताचा पंजा गेला. आईने स्टोव्ह बंद केला. पंपाचा आवाज एकदम घरात आल्यासारखा वाटला. बाबा म्हणाले, "सावंतला बोलव."

सावंतकाका आले, त्यांनी कुलूप बघितलं आणि म्हणाले, "चौकट वाकडीच बसवली होती परब, तुला आठवत नाही? मी तेव्हाच बोललो होतो." बाबांनी त्यांना दुसऱ्या दिवशी नितीनकडे नेलं. मी बरोबर होते. काकांनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले, माऊस हातात घेतला. त्यांना तो धरता येत नव्हता, पण त्यांनी माझी मदत घेतली नाही. एकेक पान पुढे गेले. मग मागे आले. मग पुन्हा पुढे. त्यांच्या कानशिलावरून घाम उतरताना मला दिसत होता. आतमध्ये पंखा होता, तरी. शेवटी उठले आणि म्हणाले, "पोरीचा हात हलतो. रोज कॅमेरा काढते, रोज ठेवते. भिंत काय अशी हलते का?"

"सावंत, वॉर्ड ऑफिसला कळवू या," बाबा म्हणाले.

"काय कळवायचं? पोरीने कॉम्प्युटरवर चित्रं काढलीत म्हणून?"

"माणसं राहतात रे तिथे."

"मी पण राहतो." काका बाबांच्या अगदी जवळ गेले. "आणि हे कुणाला बोलायचं नाही. लोकांची वाट लागेल. धावपळीत कुणीतरी मरेल, ते तुझ्या डोक्यावर."

घरी येताना बाबांनी मला सांगितलं, की खड्डा खणायला सोसायटीची हरकत नाही असं बिल्डरला सावंतकाकांनी सही करून दिलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. बिल्डरने नवीन गेट बांधून द्यायचं कबूल केलं होतं, आणि काकांना त्या गेटचं फार अप्रूप होतं. एवढंच. मी आज या वयात त्या माणसाकडे बघते तेव्हा त्यांची लबाडी मला दिसत नाही. आयुष्यभर सगळं बरोबर ठरवत आलेल्या माणसाला एक गोष्ट चुकली असं म्हणणं किती जड जातं, ते मला आता माझ्यावरूनच कळतं.

त्यानंतर पानाच्या तळाचा आकडा आपोआप वाढायला लागला. मी दोन दिवसांनी गेले की तो बराच पुढे गेलेला असे. नितीन म्हणाला, "झकास! फेमस झालीस." मला बरं वाटलं नाही. मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

मग एका दुपारी, बाबा कामावर असताना, पांढरा शर्ट घातलेला, खिशात दोन मोबाइल असलेला एक माणूस दारात आला. बाजूच्या साइटवरून आलो म्हणाला, चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं. आईने दिलं. तो पाणी पीत पीत थेट स्वयंपाकघरात गेला आणि खिडकीत उभा राहिला.

"इथूनच काढतेस का गं फोटो? छान येतात. आमचे शेठ रोज बघतात."

मी आईकडे बघितलं.

"कॉलेज कांदिवलीलाच ना? दुपारी सुटतं. मग क्लास." त्याने पेला ओट्यावर ठेवला. "जपून जात जा. ट्रक फार वाढलेत या रस्त्याला. आमचेच असतात, पण ड्रायव्हर काय, आज एक उद्या दुसरा." आईकडे बघून त्याने हात जोडले. "हुशार आहे पोरगी. चांगल्या गोष्टींचे फोटो काढायला सांगा. फुलं वगैरे."

तो गेल्यावर आईने तो पेला घासला. परत घासला. तिसऱ्यांदा घासायला घेतला तेव्हा मी तो तिच्या हातातून काढून घेतला. "काढून टाक ते," ती म्हणाली. "आत्ता जा आणि काढून टाक." संध्याकाळी बाबा आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले, बूटही न काढता. आई रडत होती. शेवटी ते म्हणाले, "नको काढू. उद्यापासून मी सोडायला येईन आणि आणायला येईन." आणि ते खरंच आले. कारखान्यात पाळी बदलून घेतली. क्लासच्या बाहेर पानवाल्याच्या फळीजवळ उभे असायचे.

पण मला काढावं लागलंच नाही. दोन-तीन दिवसांत पत्ता टाकला तर नुसतं पांढरं पान आलं. हे पान उपलब्ध नाही, एवढी एक इंग्रजी ओळ. माझी खिडकी गेली होती. नितीनने शिवी हासडली. "कुणीतरी तक्रार टाकली असणार. फुकटवाले विचारत नाहीत, डायरेक्ट उडवतात." मी तिथेच रडायला लागले तर तो म्हणाला, "रडतेस काय? फ्लॉप्या आहेत ना सगळ्या? दुसऱ्याच्या जागेवर चढव." त्या दुपारी त्याने मला दुसरी एक फुकट जागा काढून दिली, आणि मी सगळं पुन्हा लिहिलं. या वेळी वेगळं लिहिलं. 'पुढे' वगैरे काही ठेवलं नाही. एकच पान, त्यात दोन रकान्यांचा तक्ता, डावीकडे पहिला फोटो, उजवीकडे शेवटचा, आणि दोन्हींमधून आडवी गेलेली एक लाल रेघ. डावीकडे डोंगर रेघेच्या खाली, उजवीकडे वर. खाली इमारतीचा पत्ता. आयुष्यात पुढे मी पोटापाण्यासाठी कितीतरी लोकांच्या वेबसाइट बनवल्या, पण त्या पानाइतकं साधं पान मला परत जमलं नाही.

वॉर्ड ऑफिसमध्ये बाबांनी नितीनकरवी छापून घेतलेलं ते पान टेबलावर ठेवलं. तिथल्या इंजिनिअरबाई तरुण होत्या. त्यांनी आधी कागद बाजूला सरकवला, मग परत ओढून घेतला. त्याच दिवशी आल्या, बाबांच्या दोऱ्या-कुलपासारखा स्वतःचा ओळंबा घेऊन. जिन्यात, गच्चीवर, आमच्या घरात त्यांनी तो सोडला. उतरताना त्या जिन्याच्या कठड्याला हात लावायचं टाळत होत्या, ते मी पाहिलं. संध्याकाळी नोटीस चिकटली. इमारत तातडीने रिकामी करा. आम्ही सगळे जण गाद्या, गॅस, भांडी घेऊन जवळच्या महापालिकेच्या शाळेत गेलो. तिसरीच्या वर्गात चार कुटुंबं. भिंतीवर पाढे आणि प्राण्यांची चित्रं, आणि छोट्या बाकांवर बसून डाळ निवडणाऱ्या बायका.

आणि इमारत पडली नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा झाला. ती तशीच उभी होती, उन्हात, काही न झाल्यासारखी. कुंपणाआडचं काम तात्पुरतं थांबलं होतं, पंप मात्र चालू होता. तो दोन मोबाइलवाला शाळेत येऊन बिस्किटं वाटून गेला आणि म्हणाला, उगीच घाबरवलंय तुम्हाला. लोक माझ्याकडे बघायला लागले. नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, "हिच्या फोटोंपायी आपण रस्त्यावर आलो." सावंतकाका दोन रात्री शाळेत झोपले, आणि तिसऱ्या दिवशी काकींना घेऊन परत घरी गेले. गेटवरच्या पोलिसाला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. रोज सकाळी ते खिडकीत बसून चहा प्यायचे, रस्त्यावरून दिसेल असे. "बघा!" वरून ओरडायचे. "काय झालं मला?" त्यांचं बघून अजून दोन कुटुंबं परत जायच्या गोष्टी करायला लागली. बाबा दोनदा वर जाऊन काकांच्या हातापाया पडून आले. दुसऱ्या वेळी उतरले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. "भिंतीत आवाज येतो गं," आईला म्हणाले. "कुणीतरी आतून नखं ओढतंय तसा. त्याला पण ऐकू येतो. बोलत नाही फक्त."

काकी संध्याकाळी शाळेत यायच्या, डब्यातून घावणे घेऊन. सगळ्यांना वाटायच्या. शेवटच्या संध्याकाळी त्या माझ्याशेजारी लहान बाकावर बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "काकी, नका ना जाऊ. इथेच झोपा. तुम्हीच तर पहिल्यांदा पाहिलंत."

"बघलंय तर," त्या म्हणाल्या. "पण ह्यांका एकट्याक कसा सोडू गो?"

"काकांना पण माहिताय ना?"

त्या थोडा वेळ प्राण्यांच्या चित्रांकडे बघत राहिल्या. "तेंका सगळा ठावक असा," म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, डबा उचलला आणि गेल्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं. अजून पुढे जायला हवं होतं असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. पुढे जाऊन काय केलं असतं, ते मात्र कधी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा गाळत होती. आधी पायांना कळलं, मग कानाला. मोठा स्फोट वगैरे नव्हता. दगडांचा ट्रक कुठेतरी जवळ रिकामा होतोय असा एक लांबलचक आवाज आला, संपता संपेना. मग तो संपला. शाळेच्या खिडक्यांतून पांढरी धूळ आत आली आणि चहावर साय धरावी तशी बसली. आम्ही सगळे धावत गेलो. इमारत खड्ड्याच्या बाजूला गुडघे टेकल्यासारखी बसली होती. कोपऱ्यावर सावंतकाका उभे होते, हातात पावाची लादी. ते पाव आणायला खाली आले होते. काकी वर चहा करत होत्या.

काकींना काढायला दुपार झाली. मी गेले नाही बघायला. बाबा गेले.

पुढे चौकशी झाली. वॉर्ड ऑफिसच्या एका लांबट खोलीत चौकशीच्या साहेबांनी रहिवाशांना बोलावलं होतं. बिल्डरचा वकील आलेला. तो परत परत एकच मुद्दा मांडत होता, की इमारत जुनी होती, रहिवाशांनी आधी कधीच तक्रार केली नाही, सोसायटीने हरकत नाही म्हणून लिहून दिलंय, आणि नोटीस आली ती अगदी शेवटी. म्हणजे आधी कुणालाच धोका दिसला नव्हता, तर बिल्डरला कसा दिसणार? निघताना बाबांनी मला सांगितलं होतं, "सावंतबद्दल काही बोलू नकोस. तो माणूस आधीच मेलेला आहे." माझ्या मांडीवर त्या दोन रकान्यांच्या पानाची प्रत होती. सावंतकाका समोरच्या रांगेत बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात.

साहेबांनी विचारलं, "नोटिशीच्या आधी कुणाला काही कळलं होतं का? सोसायटीला?"

पंखा फिरत होता. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी खाली बघत होते, त्यामुळे काका उठले ते मला दिसलं नाही, फक्त खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"कळलं होतं," ते म्हणाले. "या पोरीला कळलं होतं. तिने मला दाखवलं. मशीनसमोर बसवून दाखवलं."

वकील म्हणाला, "तुम्हाला नक्की काय दिसलं?"

"डोंगर वर जाताना दिसला. मी मागे जाऊन बघितलं, पुढे जाऊन बघितलं. तिचा हात हलत नव्हता. मी खोटं बोललो." ते थांबले. "लिहा साहेब. माझं नाव लिहा, आणि त्या खड्डावाल्याचं पण लिहा. त्याचा माणूस पोरीला धमकी देऊन गेला. तिचा आणि तिच्या पानाचा पत्ता माझ्याकडून घेऊनच गेला. लिहा सगळं."

साहेबांनी लिहायला सुरुवात केली. काका उभेच राहिले, कुणी बसा म्हणेपर्यंत, आणि कुणी म्हणालं नाही.

बाहेर आलो तेव्हा भर दुपार होती आणि रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. काका फुटपाथच्या कडेला येऊन थांबले. एक पाऊल खाली टाकायचे आणि परत वर घ्यायचे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना रस्ता ओलांडून दिला होता, गणपतीच्या मिरवणुकीत दोन्ही बाजूंची वाहतूक अडवून. बाबा आणि मी मागे उभे होतो. इमारत पडली त्या दिवसापासून बाबा त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. ते पुढे गेले, त्यांनी काकांचा दंड धरला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाले, "चल."